नाव अमेरिकी, जन्म जपानी : झिगझॅग शिवणयंत्रांच्या तळाशी दडलेला इतिहास

१/
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेच्या बाजारात असंख्य नावांची शिवणयंत्रे विकली गेली : मोर्स, ड्रेसमेकर, युनिव्हर्सल, केनमोर. नावे इंग्रजी वळणाची, रंग फिकट निळे किंवा गुलाबी, आणि दर्शनी भागावर मोटारगाडीला शोभावीत अशी चकचकीत अक्षरे. यांतील कित्येक यंत्रे उलटी केली, की तळाच्या बिडावर ‘जपान’ हा शब्द आणि ‘जे-ए’, ‘जे-सी’ अशी अक्षरे व क्रमांक आढळतात. दर्शनी नाव विकणाऱ्याचे आहे. घडवणाऱ्याचा शोध तळापासून सुरू करावा लागतो.

२/
शिवणयंत्र जपानला नवे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेच्या सिंगर कंपनीने तेथील बाजारपेठ व्यापली होती. तिच्या छायेतच देशी उद्योग उभा राहिला. नागोया शहरात १९०८ साली यासुई कुटुंबाने शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचे दुकान काढले. त्यातून पुढे ‘ब्रदर’ ही कंपनी घडली. १९२१ साली सुरू झालेल्या ‘पाइन’ कारखान्याची पुढे ‘जानोमे’ झाली. जानोमे म्हणजे सापाचा डोळा. त्या काळी नव्या असलेल्या गोल बॉबिनचा आकार तसा दिसे, म्हणून हे नाव.

३/
मग युद्ध आले आणि यंत्रकारखाने शस्त्रांच्या कामाला जुंपले गेले. ‘जुकी’ ही कंपनी तर १९३८ साली टोकियोतील यंत्र-उत्पादकांनी एकत्र येऊन काढली होती आणि युद्धकाळात तिने सैन्यासाठी बंदुका बनवल्या. १९४५ साली जपान शरण आला व शस्त्रनिर्मिती थांबली. लेथ मात्र होते, ओतशाळा होत्या आणि कुशल कारागीर रोजगाराच्या शोधात होते. १९४७ साली त्याच जुकीने घरगुती शिवणयंत्र बाजारात आणले. टोयोटा समूहातील विमान-इंजिनांचा कारखानाही युद्धानंतर शिवणयंत्रांकडे वळला.

४/
उद्ध्वस्त देशात हे इतक्या लवकर कसे शक्य झाले? याचे उत्तर प्रमाणीकरणात आहे. सिंगरच्या ‘क्लास १५’ यंत्राचे मूळ हक्क केव्हाच संपले होते. त्या रचनेवरून जपानमध्ये ‘एचए-१’ हा प्रमाणित नमुना ठरवण्यात आला. भागांची मापे एकच असल्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला. छोट्या कारखान्याला पूर्ण यंत्र बनवण्याची गरज उरली नाही. कोणी बिडाचे ओतकाम करी, कोणी सुटे भाग घडवी, तर कोणी केवळ जुळणी करी.

५/
या श्रमविभागणीची खूण म्हणजेच तळावरील ती अक्षरे. संग्राहकांच्या अभ्यासानुसार ‘जे-सी’ हा क्रमांक बिडाचा सांगाडा ओतणाऱ्याचा, तर ‘जे-ए’ हा जुळणी करणाऱ्याचा. म्हणजे एकाच यंत्राला दोन जन्मदाते असू शकतात. काही क्रमांकांमागचे कारखाने ओळखता आले आहेत. अनेकांची नावे आजही उलगडलेली नाहीत. जुनी यंत्रे जमवणारे हौशी लोक नोंदी ताडून पाहत ही यादी हळूहळू भरत आहेत.

६/
दुसरी महत्त्वाची खूण काळाची. १९४७ पासून जपानी निर्यातमालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ‘व्याप्त जपानमध्ये निर्मित’, असा शिक्का येऊ लागला. २८ एप्रिल १९५२ रोजी दोस्त राष्ट्रांचा ताबा संपला आणि शिक्काही इतिहासजमा झाला. म्हणून तो शिक्का असलेले यंत्र याच पाच वर्षांतील असे खात्रीने म्हणता येते. याचे उलट विधान मात्र करता येत नाही : त्याच काळात नुसते ‘जपान’ लिहिलेला मालही बाहेर जात होता.

७/
१९४९ साली एका डॉलरला ३६० येन हा विनिमय दर निश्चित झाला आणि जपानी माल अमेरिकेत अतिशय स्वस्त पडू लागला. आयातदार केवळ यंत्राचे मुख्य धूड मागवीत. त्याला मोटर जोडून, आपल्या पसंतीचे नाव चिकटवून ते विकत. एकाच कारखान्याचे एकच यंत्र अनेक नावांनी नांदू लागले ते यामुळे.

८/
कालच्या शत्रुदेशाचा माल घेण्यास ग्राहक कचरत, हे विक्रेते जाणून होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे १९५० च्या दशकारंभी आलेल्या प्रकरणांत एक चमत्कारिक तपशील नोंदला गेला आहे : मोटर अशा जागी बसवली जाई की तिच्याआड ‘ऑक्युपाइड जपान’ किंवा ‘जपान’ हे शब्द झाकले जात. नामवंत कंपन्यांची आठवण करून देणारी नावे वापरल्याचाही आक्षेप होता. मूळ देश ग्राहकाला स्पष्ट दिसलाच पाहिजे, असे आदेश आयोगाने दिले. जुनी मोटर सोडवताच तिच्यामागून अक्षरे उघडी पडण्याचे कारण हे आहे.

९/
आरंभीची ही यंत्रे बहुतांशी सरळ टाक्याची होती. झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका, घरगुती यंत्रांत आणण्यात युरोप पुढे होता. इटलीची नेक्की आणि जर्मनीची फाफ यांनी १९३० च्या दशकातच तशी यंत्रे काढली. या टाक्याने कापडाची कड उसवत नाही, काज करता येते, बटण लावता येते आणि ताणणारे कापडही शिवता येते. १९५० च्या दशकात जपानी कारखान्यांनी हे तंत्र आत्मसात केले आणि युरोपीय यंत्राहून कमी किमतीत ते अमेरिकी घरांत पोहोचवले.

१०/
यातील यंत्रशास्त्र पाहण्याजोगे आहे. सरळ टाक्यात सुई फक्त वरखाली होते. झिगझॅगमध्ये सुईचा दांडा झुलत्या चौकटीत बसवलेला असतो आणि फिरणारा कॅम ती चौकट डावी-उजवीकडे ढकलतो. क्लास १५ मध्ये बॉबिन डावीकडून बसते. ती रचना तशीच ठेवली, तर झुलणारी सुई दोरा पकडणाऱ्या हुकापासून कधी दूर जाईल, कधी त्याला भिडेल. म्हणून जपानी झिगझॅग यंत्रांत हुक सामान्यतः समोरच्या बाजूस वळवलेला दिसतो. सुईतही दोरा समोरून मागे ओवावा लागतो. बॉबिन मात्र बहुधा तीच, क्लास १५ ची.

११/
पुढे नक्षीदार टाके आले. काही यंत्रांत वरून बदलता येणाऱ्या कॅमच्या चकत्या असतात, काहींत कॅमचा संचच आत बसवलेला असतो आणि बाहेरची चकती फिरवून नक्षी निवडता येते. ओळख पटवताना या चकत्यांचा आकार, टाक्याच्या रुंदीचा खटका आणि झाकणांची ठेवण हे सारे उपयोगी पडते. वेगवेगळ्या नावांच्या दोन यंत्रांत हे सर्व तंतोतंत जुळले, तर दोघांचा कारखाना एक असण्याची शक्यता बळावते.

१२/
कधीकधी पुरावा विक्रेत्याच्याच क्रमांकात दडलेला असतो. सिअर्स कंपनी ‘केनमोर’ यंत्रे स्वतः बनवीत नसे. त्यांच्या मॉडेल क्रमांकातील टिंबाआधीचे तीन अंक पुरवठादार सांगतात : १५८ म्हणजे जपानची मारुझेन, ३८५ म्हणजे जानोमे आणि ११७ म्हणजे अमेरिकेची व्हाइट. मोटरवरील नावावर मात्र विसंबू नये. मोटर दुसऱ्याची असू शकते आणि नंतर बदललेलीही असू शकते.

१३/
पडद्याआडचे कारागीर पुढे स्वतःच्या नावानिशी उभे राहिले. १९५४ साली ब्रदरने न्यूयॉर्कमध्ये आपली कंपनी स्थापन केली. १९६० साली जानोमेने ‘न्यू होम’ ही एकोणिसाव्या शतकापासूनची अमेरिकी कंपनीच विकत घेतली. ज्या बाजारात जपानी यंत्राला अमेरिकी नाव उसने घ्यावे लागत होते, तेथील एक जुने नाव आता जपानी मालकीचे झाले.

१४/
दर्शनी नाव, शिक्का, ओतकामाचा क्रमांक, हुकाची दिशा : यांतील एकही पुरावा एकटा पुरेसा नाही. ताम्रपट किंवा नाणे वाचताना जी सावधगिरी लागते, तीच येथेही लागते. कोणती खूण कोणी केली, कोणासाठी केली आणि ती झाकण्यात कोणाचे हित होते, हे विचारावे लागते. हे प्रश्न विचारले, की युद्धानंतर बंदुकांऐवजी शिवणयंत्रे घडवून पोट भरणाऱ्या आणि आपल्या मालावर आपले नावही लिहू न शकणाऱ्या कारागिरांचा माग लागतो. त्यांतील कित्येकांची कारखान्यागणिक उरलेली ओळख म्हणजे बिडावरचा तो एक क्रमांक.