रंगीत अंड्यांची हकीकत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा मंडळातील भगिनींनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु २०२३ साली धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेले असता जे हाताने केले व तिच्याकडून ऐकले, ते लिहिते.

ईस्टर हा ख्रिस्ती लोकांचा सण वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्या वर्षी आपली हनुमान जयंती ६ एप्रिलला व ईस्टर ९ ला होता. सणाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. पूर्वी युरोपात त्यात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण कोंबडीला उपवास कोठून कळणार? वसंतात तर ती जास्तच अंडी घालते. म्हणून उपवास सुटला की घरोघर अंड्यांची चंगळ होई आणि ती रंगवून वाटण्याची चाल पडली. ग्रीस देशात ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी तांबडी रंगवितात. तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा मानतात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या वहीत ४५० अंड्यांचे १८ पेन्स मांडले आहेत. म्हणजे पेनीला पंचवीस! ती रंगवून व सोन्याचा वर्ख लावून राजाने आपल्या माणसांस वाटली.

गरिबाघरी वर्ख कोठला? तेथे कांद्याची साले. सालांबरोबर अंडी उकडली की सुंदर तांबूस पिवळा रंग चढतो. आपण ती साले रोज केरात टाकतो! पुढे १८८० च्या सुमारास नेवार्क गावी टाउनली नावाच्या औषधविक्रेत्याने रंगाची पाकिटे पाच सेंटांस विकावयास काढली, आणि बायकांचे हे स्वयंपाकघरातले ज्ञान मागे पडले. सोय झाली हे खरे, तरी मला हळहळ वाटली.

बहिणीची मुलगी चार वर्षांची. महिना झाला तरी ती माझ्याजवळ येईना; माझे मराठी तिला नीट कळत नसे. शनिवारी शेजारच्या मुलांबरोबर अंडी रंगवावयाची ठरली. आमच्या घरी अंडे उंबरठ्याच्या आत येत नाही. मी दूर उभी होते. पोरीने एक अंडे उचलून माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "मावशी, तू."

मी ते घेतले. गरम होते.

मग मी डब्यातली हळद काढली. पाण्यात हळद व थोडा सिरका घालून अंडी उकळली. सिरक्याने कवचावर बारीक बुडबुडे येतात आणि रंग चांगला धरतो. पाकिटातले निळे-गुलाबी रंग बशांत होतेच, पण पोरीला हळदीचेच हवे. दोन अंडी तिने पाडली, टेबलावरचे कापड पिवळे झाले, आणि माझी बोटे तर लग्नातल्या नवरीसारखी! बहीण कापडासाठी रागावली. ते अजून पिवळेच आहे म्हणे.

रात्री पोर माझ्याच अंथरुणात झोपली, हातात ते अंडे धरून.

सासूबाईंना मी हे अद्याप सांगितलेले नाही. स्मरणिका घरी आली की त्या पहिल्या पानापासून वाचतात.