नावात वेल, कायद्यात झाड, शास्त्रात गवत

परसात द्राक्षाची वेल लावणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो मांडवाचा. स्वतःचे खोड भक्कम करण्यावर वेल फारसा खर्च करीत नाही. दुसऱ्याच्या आधाराने ती उजेड गाठते. पानासमोर फुटणारा तणावा, म्हणजे पाठ्यपुस्तकातले प्रतान, आधाराला टेकला की त्याभोवती वळतो. डार्विनने 1865 साली अशा वेलींवर मोठा निबंध लिहिला होता.

नाशिककडे एके काळी द्राक्षाला पांगाऱ्याच्या जिवंत खुंटाचा आधार देत. पुढे लोखंड आणि तारांचे मांडव आले. चंद्रपूर-गडचिरोली हा काही द्राक्षाचा मुलूख नव्हे. येथे मांडव असतो तो वालाचा, दोडक्याचा, कारल्याचा, आणि तो असतो बांबूचा. हौसेने द्राक्ष लावणाराही त्याच बांबूकडे वळतो. फरक इतकाच, की वाल एका हंगामात आटोपतो, द्राक्षवेल मात्र वर्षानुवर्षे टिकते. जमिनीत पुरलेला बांबू तितका टिकत नाही. वाळवी आणि बुरशी त्याला खातात, शिवाय त्यातल्या पिठूळ द्रव्यासाठी भुंगेरे येतात. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. पाण्यामुळे ही द्रव्ये बरीचशी निघून जातात आणि भुंगेऱ्यांचा त्रास कमी होतो. तरीही काही वर्षांनी खांब बदलावे लागतातच. मग नवा बांबू आणायचा कोठून?

जंगल तर दाराशी आहे. तेथला मुख्य बांबू म्हणजे मानवेल. नावात वेल असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे गवत आहे, गहू आणि ज्वारीच्या कुळातले. त्याच्या खोडात झाडासारखा वाढीचा थर नसतो, म्हणून कोंब जमिनीतून येतो तो पूर्ण जाडी घेऊनच. एका पावसाळ्यात तो आपली सारी उंची गाठतो आणि पुढची दोन-तीन वर्षे नुसता कठीण होत जातो. जमिनीखालचे खोड जिवंत राहते, त्यामुळे जून बांबू तोडला तरी बेट मरत नाही. कोवळे तोडले तर मात्र बेट खंगते. विद्यार्थ्यांना बांबूचा आडवा काप दाखवून त्यात लाकडासारखी वर्षवलये शोधायला सांगावे. ती सापडणार नाहीत.

1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूला 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बसवले. चूक नुसती नावाची नव्हती. विदर्भात गावांना घरवापरासाठी जंगलातून लाकूड-बांबू घेण्याचे निस्तार हक्क होते. मालगुजारी संपल्यावर त्यांची नोंद निस्तारपत्रकांत झाली. पुढे राखीव जंगलांची बंधने वाढली, बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू जाऊ लागला, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला किंवा मांडव घालणाऱ्या शेतकऱ्याला चार बांबूंसाठी परवानगी मागावी लागली. आम्हांला यातली विसंगती खटकते ती अशी, की कागदासाठी तेच गवत ट्रक भरून जात होते.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखात्याच्या हातात. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने हा मुद्दा सोडला नाही. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च 2011 मध्ये बांबूला गौण वनोपज माना, असे मुख्यमंत्र्यांना कळवले आणि 27 एप्रिल 2011 रोजी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गावाने स्वतः तोड ठरवून बांबू विकला.

'झाड' हा शब्द कायद्यात आणखी सहा वर्षे तसाच राहिला. 2017 च्या दुरुस्तीने बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला आणि जंगलाबाहेर, शेतात किंवा परसात लावलेले बेट मोकळे झाले. जंगलातला बांबू मात्र अजूनही वनोपजच आहे.