केळनेच्या काठावरून लुंबिनीकडे

आशिया खंडाचा परिचय करून देताना उत्तर, मध्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण व पश्चिम असे सहा विभाग विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जातात. शेजारी राष्ट्रांत नेपाळचे नाव येते, राजधानी काठमांडू सांगितली जाते आणि पाठ संपतो. जालना जिल्ह्यातील जाफराबादच्या मुलास आपला या खंडाशी काय संबंध, हे त्यातून उमगत नाही. विहारांतील धम्मवर्गांनी हा पाठ आपल्याच नदीपासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते.

जाफराबाद केळना व पूर्णा यांच्या संगमावर वसले आहे. केळनेच्या काठाने वर गेल्यास भोकरदन लागते. हेच प्राचीन भोगवर्धन. येथे १९७३ साली झालेल्या उत्खननाने त्याच्या सातवाहनकालीन वैभवाची साक्ष दिली. तथापि आम्हांस अधिक मोलाचे वाटतात ते सांचीचे ब्राह्मी लेख. तेथील स्तूपासाठी दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या उपासकांची नोंद आहे. ही माणसे राजे नव्हती. तरीही त्यांनी विंध्य ओलांडून दान पोहोचविले आणि आपल्या नावाबरोबर आपल्या गावाचे नावही दगडावर कोरविले. आमच्या इतिहासाची पाने राजांच्या वंशावळींनी भरलेली असताना हे लेख मुलांना कोणी वाचून दाखवीत नाही, याचा खेद होतो.

सांची विदिशेजवळ आहे, आणि विदिशा सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातही येते. गोदावरीतीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य भगवान बुद्धांच्या भेटीस निघाले. पतिट्ठान (आजचे पैठण), माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुसिनारा, वैशाली अशी त्यांची वाट दिली आहे. भूगोलाचा याहून उत्तम धडा कोणता? यांपैकी कपिलवस्तू नेपाळातील तिलौराकोट की भारतातील पिपरहवा, हा विद्वानांतील वाद आहे. लुंबिनीविषयी मात्र संशय नाही. १८९६ साली तेथे अशोकाचा स्तंभ उजेडात आला. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने गाव बलीमुक्त केले व भाग एक-अष्टमांश ठरविला, असे त्यावरील लेख सांगतो.

लुंबिनी नेपाळच्या तराईत, म्हणजे गंगेच्या मैदानाच्याच उत्तर कडेवर आहे. नेपाळ म्हणजे केवळ बर्फ, ही मुलांची समजूत येथेच दूर करावी. तराईच्या उत्तरेस डोंगराळ मुलूख व त्यापलीकडे हिमालयाची शिखरे, हा क्रम मग सहज ध्यानी राहतो.

उरलेले विभागही धम्माच्या वाटेने शिकविता येतात. मध्य आशियात खोतान, आग्नेयेस म्यानमार, पूर्वेस चीन व जपान. उत्तर आशियातही बैकाल सरोवराच्या परिसरात बुरियात बौद्ध आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदांच्या निमित्ताने १९५० साली श्रीलंकेत, १९५४ साली रंगूनला आणि नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला गेले. या तीन ठिकाणांवर नकाशात खुणा करून मुलांना जाफराबादपासून प्रत्येकीपर्यंत दोरा ताणू द्यावा.