खानदेशांतील संशोधन व पदवीचा विद्यार्थी

पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं. म्हणजे विद्यार्थी आधीं, संशोधन मागाहून. खानदेशांत हा क्रम उलटा आहे, आणि त्याचे परिणाम अद्यापि दिसतात.

धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा १८९३ सालची. रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें जमविण्याचें काम देवांनीं येथूनच केलें. अमळनेरास श्रीमंत प्रतापशेट यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर स्थापिलें. तेथें कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी, मूर्ति असे परप्रांतीय पंडित येऊन राहिले. इतिहासाचार्य राजवाडे ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले व पुढच्याच वर्षीं त्यांच्या संग्रहाच्या रक्षणार्थ राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. इतकें होऊनहि मॅट्रिक झालेल्या खानदेशी मुलास पदवीसाठीं पुणें, मुंबई किंवा, १९२४ नंतर, नाशिक गांठणें भाग असे. धुळ्याचा मुलगा चाळीसगांवास गाडी बदली, मनमाडास पुन्हां बदली आणि दौंडावरून पुण्यास पोंचे. खानावळ, खोलीभाडें व फी यांचा बोजा उचलणारीं घरें थोडीं. कापूस पिकविणाऱ्या सामान्य कुणब्याच्या घरचा मुलगा त्या गाडींत क्वचितच बसे.

१९४५ सालीं जळगांवास मूळजी जेठा कॉलेज व अमळनेरास प्रताप कॉलेज निघालें, तेव्हां ही वाट जवळ आली. परीक्षा मात्र मुंबईची. १९४९ पासून पुण्याची. ता. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालें, आणि २०१८ त त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव मिळालें. जिला अक्षरओळख नव्हती तिचें नांव पदवीपत्रावर यावें, हें खानदेशास शोभतें.

आतां प्रश्न असा, कीं या विद्यार्थ्याची व जुन्या दप्तरांची गांठ पडली काय? फारशी पडली नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. पदवीचा विद्यार्थी राहतो संलग्न कॉलेजांत; विद्यापीठ त्यास अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या रूपानेंच भेटतें. इतिहासाची उत्तरपत्रिका मूळ कागद न पाहतां उत्तम लिहितां येते. दोष मुलांचा नव्हे. स्वतः राजवाड्यांनीं आपल्या कॉलेजांतील दिवसांविषयीं ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखांत लिहिलें आहे. परीक्षेची पर्वा न करतां मन मानेल तें वाचणारा असा तो विद्यार्थी होता. परंतु सर्वांनीं राजवाडे व्हावें, अशी अपेक्षा धरून अभ्यासक्रम आंखतां येत नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या चौथ्या वर्षीं संशोधनाची सोय सांगितली आहे. गिरणाकांठचें विद्यापीठ आणि धुळ्याचें मंडळ यांत हमरस्त्यानें शंभर किलोमीटरांहूनहि कमी अंतर आहे. खरी अडचण मोडी लिपीची. चौथ्या वर्षाचा प्रबंध धुळ्याच्या दप्तरांवर लिहावयाचा, तर मोडी वाचनाचा सराव दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावा लागेल, आणि तो कॉलेजाच्या वर्गांत नव्हे तर मंडळाच्या बाकांवर, प्रत्यक्ष कागद पुढें ठेवून.