चाच्यांचा वाढदिवस आणि तीन कागद

#थ्रेड #इतिहास

१/
मुलांच्या वाढदिवसासाठी बाजारात ‘पायरेट थीम’ मागितली की ठरलेला ऐवज समोर येतो. कवटीचा काळा झेंडा, डोळ्यावरची पट्टी, प्लॅस्टिकची तलवार, खांद्यावरचा पोपट आणि सोनेरी नाणी. हे सगळे समुद्री चाच्यांचे म्हणून विकले जाते. यांतील बराचसा ऐवज मात्र जहाजांवरून आलेला नाही; तो गेल्या दीडशे वर्षांतील पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांतून आला आहे.

२/
खिशाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता आहे. कारण इतिहासाच्या अंगाने पाहिले तर चाच्यांचा वाढदिवस साजरा करायला तीन कागद पुरतात : एक नकाशा, एक करारनामा आणि एक दस्तक. पहिला कागद कल्पनेचा, दुसरा खुद्द चाच्यांचा आणि तिसरा सत्तेचा. तिसऱ्या कागदाचा संबंध थेट आपल्या कोकण किनाऱ्याशी आहे. क्रमाने पाहू.

३/
पहिला कागद : नकाशा.
१८८१ चा उन्हाळा. स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कुटुंबासह मुक्कामाला होता. हवा पावसाळी, बाहेर पडणे अशक्य. त्याचा सावत्र मुलगा लॉइड घरात बसून एका शिलिंगाच्या रंगपेटीतून चित्रे रंगवीत असे. स्टीव्हन्सनही त्याच्यासोबत बसू लागला आणि एके दिवशी त्याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला.

४/
त्या नकाशाकडे पाहता पाहता कथा सुचली. ऑक्टोबर १८८१ पासून ती ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेच ‘ट्रेझर आयलंड’. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला आणि स्टीव्हन्सनला तो नव्याने तयार करवून घ्यावा लागला. नकाशा हाच आपल्या कथानकाचा बहुतांश भाग होता, असे त्याने नंतर स्वतः लिहून ठेवले.

५/
खांद्यावरचा पोपट आणि एक पाय नसलेला चाचा यांची जोडी याच पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. पोपट आपण ‘रॉबिन्सन क्रूसो’कडून उचलला, ही कबुली स्टीव्हन्सननेच दिली आहे. लाँग जॉन सिल्व्हर हे पात्र रंगवताना त्याच्यासमोर त्याचा मित्र, कवी विल्यम हेन्ली होता. आजारपणामुळे हेन्लीचा एक पाय कापावा लागला होता.

६/
पुरलेल्या खजिन्याचे काय? लुटीचा माल बहुधा कापड, साखर, मसाले, औषधे असा असे; तो पुरण्यापेक्षा विकून टाकण्याकडेच कल असे. रोकड मिळाली तर ती पुढच्या बंदरात उडे. खजिना पुरल्याचे एक पक्के उदाहरण विल्यम किडचे. १६९९ मध्ये त्याने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही ऐवज पुरला. तोही अधिकाऱ्यांनी लगेच उकरून काढला. या किडची पुन्हा गाठ पडणार आहे.

७/
तात्पर्य, वाढदिवसाचा पहिला खेळ विकत आणू नका. कोरा कागद चहाच्या कोमट पाण्यात भिजवा, वाळवा, कडा हाताने फाडा. त्यावर आपल्याच घराचा, गच्चीचा किंवा सोसायटीच्या अंगणाचा नकाशा मुलांनाच काढू द्या. खजिना म्हणून चकाकत्या कागदात गुंडाळलेली चिक्की पुरे. या साऱ्या दंतकथेचा उगम पावसाळी दुपारी मुलासोबत रंगवलेल्या एका कागदात आहे. त्याहून अस्सल काही दुकानात मिळणार नाही.

८/
पोशाखाबद्दल थोडक्यात. कमरेचा शेला आणि डोक्याचा रुमाल ही प्रतिमा रूढ करण्यात अमेरिकन चित्रकार हॉवर्ड पाइल याचा मोठा वाटा आहे. रंगमंचावर कॅप्टन हुक आला तो डिसेंबर १९०४ मध्ये, ‘पीटर पॅन’ नाटकातून. ‘अर्रर्र’ हा उच्चार लोकप्रिय केला तो १९५० च्या डिस्ने चित्रपटातील रॉबर्ट न्यूटनने. त्याने नैर्ऋत्य इंग्लंडची बोली ठसक्यात वापरली होती. आईची जुनी ओढणी शेल्याचे काम चोख करते.

९/
झेंडा मात्र खरा आहे. जुलै १७०० मध्ये इमॅन्युएल विन या फ्रेंच चाच्याच्या काळ्या निशाणाची नोंद ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने केली आहे. त्यावर कवटी, हाडे आणि वाळूचे घड्याळ होते. घड्याळाचा अर्थ उघड होता : वेळ संपत आली आहे, शरण या. प्रत्येक कप्तानाचे चिन्ह निराळे असे. तेव्हा काळ्या कागदावर खडूने प्रत्येक मुलाने स्वतःचे चिन्ह काढणे, हेच इतिहासाला धरून आहे.

१०/
दुसरा कागद : करारनामा.
१७२४ मध्ये लंडनमध्ये ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने चाच्यांच्या चरित्रांचा एक ग्रंथ निघाला. त्यात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरील नियम दिले आहेत. प्रत्येकाला कारभारात एक मत. पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळण्यास बंदी. रात्री आठ वाजता दिवे बंद. वादकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

११/
लुटीचे वाटेही ठरलेले होते. कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना प्रत्येकी दोन हिस्से, तोफखान्याच्या व इतर प्रमुखांना दीड, बाकी अधिकाऱ्यांना सव्वा आणि सामान्य खलाशाला एक. कामगिरीत हात किंवा पाय गमावल्यास सामाईक निधीतून ८०० डॉलर, म्हणजे त्या काळची स्पॅनिश चांदीची नाणी.

१२/
हे विलक्षण का वाटावे? कारण त्या काळच्या व्यापारी व आरमारी जहाजांवर कप्तानाची सत्ता जवळपास निरंकुश होती. पगार तुटपुंजा, तोही अनेकदा थकलेला, शिक्षा चाबकाची. अशा जहाजांवरून आलेल्या माणसांनी कप्तान निवडण्याचा आणि बदलण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. कप्तानाचा शब्द अंतिम मानला जाई तो पाठलाग आणि लढाई यांपुरता.

१३/
तरीही भाबडेपणाने पाहू नये. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील व्हिडा बंदरात रॉबर्ट्सच्या माणसांनी खंडणी न देणारे एक गुलामवाहू जहाज पेटवून दिले. आत सुमारे ८० माणसे साखळदंडांत जखडलेली होती. त्यांना सोडवायला वेळ लागेल, एवढेच कारण पुरले. मताचा अधिकार करारावर सही करणाऱ्यांपुरता होता.

१४/
पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १७२२ मध्ये, नौदलाच्या जहाजाने गाठले तेव्हा रॉबर्ट्स न्याहारीला बसला होता, असे जॉन्सन सांगतो. ताटात ‘साल्मागुंडी’ होती : मांस, मासे, अंडी, कांदा, लोणच्याचे तुकडे असे हाती लागेल ते बारीक चिरून कालवलेला पदार्थ. रॉबर्ट्स त्या झुंजीत पडला. त्याच्या साथीदारांपैकी ५२ जणांना फाशी झाली. मूळ करारनामा त्यांनी आधीच समुद्रात फेकला होता, कारण त्यावरच्या सह्या म्हणजे गुन्ह्याचा पुरावा.

१५/
वाढदिवसासाठी यातून दोन गोष्टी घेता येतात. खाण्याला साल्मागुंडीच्या न्यायाने भेळ करावी. चिरायला मोठी माणसे, कालवायला मुले. आणि खेळ सुरू होण्यापूर्वी मुलांनी स्वतःचा करारनामा लिहावा : पहिली पाळी कोणाची, चिक्कीचे वाटे कसे, पडून गुडघा फुटला तर भरपाई किती. सर्वांच्या सह्या हव्यात. सर्वांत लहान पाहुण्यालाही एक मत हवे. रडारड निम्मी होईल.

१६/
तिसरा कागद : दस्तक.
आता अरबी समुद्राकडे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेकडे परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचे जहाज लुटले. जहाजावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते. अनेक दिवस लूट आणि छळ चालला. स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. इतिहासकार खाफीखानाने हा प्रसंग नोंदवला आहे. इंग्लंडमध्ये मात्र एव्हरीवर गाणी आणि नाटके रचली गेली.

१७/
औरंगजेबाच्या रोषामुळे सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना बेड्या पडल्या. इंग्लंडमध्ये एव्हरीच्या काही साथीदारांवर खटला चालला, पहिल्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. सरकारने लगोलग दुसरा खटला भरून शिक्षा मिळवली. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. चाच्यांचा बंदोबस्त आता कंपनीच्या व्यापाराच्या जिवावर बेतलेला प्रश्न झाला होता.

१८/
सहाव्या पोस्टमधील विल्यम किड याच वेळी आला. त्याच्याकडे दोन राजपत्रे होती : एक चाच्यांना पकडण्याचे, दुसरे शत्रूची, म्हणजे फ्रेंच जहाजे पकडण्याचे. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्यावर त्याने ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज धरले. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, जहाज बंगालहून सुरतेकडे निघालेले, पण त्याच्याकडे फ्रेंचांचे परवाने होते. म्हणून ही जप्ती कायदेशीर, असा किडचा दावा.

१९/
लंडनच्या खटल्यात हे फ्रेंच परवाने त्याच्या हाती पडले नाहीत. २३ मे १७०१ रोजी वॉपिंग येथे त्याला फाशी दिली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेच परवाने लंडनच्या सरकारी दफ्तरात सापडले. किडवर एका खलाशाच्या खुनाचाही आरोप सिद्ध झाला होता, त्यामुळे त्याला निष्पाप म्हणता येत नाही. पण शिकारी आणि चाचा यांच्यातले अंतर एका कागदाइतके होते, हे यातून दिसते.

२०/
आता कोकण. समुद्रावर परवाना सक्तीचा करण्याची पद्धत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून राबवली. त्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसलेले जहाज जप्त होई. पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. कान्होजी आंग्रे यांनी हाच नियम मराठ्यांच्या वतीने चालवला : आमच्या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या.

२१/
कान्होजी मराठ्यांचे सरखेल होते. शाहू महाराजांच्या बाजूने बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी रीतसर तह केला होता. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. तरी दस्तक नाकारणाऱ्या कंपनीच्या लेखी ते ‘पायरेट’ ठरले. इंग्रजांनी विजयदुर्ग व खांदेरीवर स्वाऱ्या केल्या. १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर चाल केली. यश आले नाही. १७२९ मध्ये कान्होजी वारले, तेव्हाही ते अजिंक्य होते.

२२/
फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेतला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांचे दोस्त होते, हे आपणही विसरू नये. किल्ल्यातून सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन लुटीचे वाटे ठरवले होते. दोस्त असलेल्या मराठ्यांना त्यात स्थान नव्हते.

२३/
आता अकरावी पोस्ट पुन्हा वाचावी. हिस्से आधी ठरवून लूट वाटणे हे रॉबर्ट्सच्या जहाजावर चाचेगिरी, तर विजयदुर्गावर विजयाचे बक्षीस. १९०७ मध्ये जॉन बिडल्फ याने आंग्र्यांचा इतिहास ज्या पुस्तकात मांडला, त्याचे नाव ‘द पायरेट्स ऑफ मलबार’. पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. व्यक्ती तीच. कागद लिहिणारे हात बदलले.

२४/
म्हणून शेवटचा खेळ दस्तकाचा. मुलांचे दोन गट करा, दोन खोल्या म्हणजे दोन बंदरे. प्रत्येक गटाने बटाटा कापून स्वतःचा ठसा बनवावा आणि कागदी दस्तके छापावीत. आपल्या ठशाचे दस्तक असेल तरच आपल्या बंदरात प्रवेश. काही मिनिटांत दोन्ही गट एकमेकांना ‘चाचा’ म्हणू लागतील. तेवढ्यात थांबवून एकच प्रश्न विचारावा : खरा चाचा कोण, आणि हे ठरवणार कोण?

२५/
उत्तर सांगण्याची घाई करू नये. आठ-नऊ वर्षांची मुले यावर तावातावाने भांडतात आणि त्या भांडणात इतिहासाच्या अभ्यासाचे सार असते : एखाद्याला दिलेले नाव वाचताना ते कोणी, कोणत्या हितासाठी दिले हे पाहणे. मोठ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की कान्होजींना ‘पायरेट’ म्हणणे चूक आहे म्हणून एव्हरी नायक ठरत नाही. ‘गंज-ए-सवाई’वरच्या यात्रेकरूंना कोणताही कागद वाचवू शकला नाही.

२६/
सामानाची यादी : कोरे कागद, चहाचे पाणी, काळा कागद, खडू, दोन बटाटे, थोडा रंग, जुनी ओढणी, चिक्की, भेळ. रात्री आठ वाजता दिवे बंद; रॉबर्ट्सचा हा एक नियम पालकांना नक्की आवडेल.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरच्या करारनाम्यातले पहिले कलम कोणते ठरले, ते खाली जरूर लिहा.