देणगीचा उगम

आफ्रिकेतील आजच्या मलावी देशात, तेव्हाच्या ब्रिटिश अंमलात, स्कॉटिश मिशनरी डॉ. रॉबर्ट लॉज यांनी १८९४ साली लिव्हिंगस्टोनियाच्या पठारावर एक शिक्षणसंस्था उभारली. स्थानिक तरुण तिथे अध्यापन, सुतारकाम, छपाई शिकत. खर्चाचा मोठा भार ग्लासगोजवळचे रसायन-कारखानदार लॉर्ड ओव्हरटन यांनी उचलला. संस्थेला नावही त्यांचेच मिळाले.

हा पैसा कसा उभा राहिला, हे १८९९ साली मजूर-पुढारी कीर हार्डी यांनी चव्हाट्यावर आणले. ओव्हरटन रविवार पाळण्याचा आग्रह धरीत; त्यांचे कामगार मात्र रविवारीही बारा-बारा तास राबत. क्रोमच्या धुळीने त्यांच्या नाकाच्या पडद्यांना भोके पडत.

दात्याचा दोष दानाला लागतो काय? याचे सोपे उत्तर आम्हांस सापडत नाही. मात्र शाळा दात्याच्या मुठीत राहत नाही, एवढे दिसते. लिव्हिंगस्टोनियात शिकून शिक्षक झालेल्या क्लेमेंट्स कदाली यांनी १९१९ साली केपटाऊनमध्ये गोदी कामगारांची संघटना बांधली. ओव्हरटन यांच्या कारखान्यात मजुरांना जे नाकारले गेले, ते मागणारा पुढारी त्यांनीच पोसलेल्या शाळेत घडला होता.