वऱ्हाडातील यंत्रनिर्मिती आणि रोजगाराचे बदलते स्वरूप

कापूस, तूर आणि सोयाबीन या तीन पिकांसाठी लागणारी यंत्रे बनविणे व दुरुस्त करणे, हे अकोला आणि अमरावती येथील लहान अभियांत्रिकी कारखान्यांच्या प्रमुख कामांपैकी एक आहे. त्यामुळे या कारखान्यांतील रोजगार वऱ्हाडच्या पीकपद्धतीशी घट्ट बांधला गेला आहे.

आरंभ जिनिंगचा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला परदेशात मागणी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. यंत्रे इंग्लंडहून येत. परंतु रोलरचे चामडे बदलणे, सुऱ्या बसविणे, झिजलेले भाग घडविणे ही कामे स्थानिक फिटर व लोहारांच्या हाती आली. यंत्रकामाचे कौशल्य या भागात रुजले ते दुरुस्तीतून.

राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. ठरावीक दराने रुई काढून देणाऱ्या जिनमालकांना नव्या यंत्रांची फारशी निकड उरली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केल्यावर चित्र पालटले. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले. स्वयंचलित भरणी आणि हवेच्या दाबाने कापूस वाहून नेणाऱ्या नळ्या आल्या. फॅब्रिकेशन, जोडणी व देखभाल यांची कामे त्यामुळे निघाली. मात्र जिनवर कापूस टाकणाऱ्या आणि रुई उचलणाऱ्या रोजंदारीवरील स्त्रियांची गरज त्याच यंत्रांनी कमी केली.

डाळ मिलचा आधार

अकोला हे डाळ उद्योगाचे जुने केंद्र. चाळण्या, उचलयंत्रे, एमरी रोलर आणि प्रतवारी यंत्रे बनविणारे कारखाने येथे वाढले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ विकसित केली. बचत गट आणि ग्रामीण उद्योजकांना परवडेल अशा या यंत्राच्या निर्मितीमुळे छोट्या कारखान्यांनाही काम मिळाले. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून अशा यंत्रांसाठी अर्थसाह्य मिळू लागले. दुसरीकडे, मोठ्या मिलमध्ये कॅमेऱ्याच्या साह्याने दाणे वेगळे करणारी यंत्रे आल्याने हाताने डाळ निवडण्याचे काम घटले.

सोयाबीनचा अनुभवही असाच आहे. १९९० नंतर विदर्भात या पिकाखालील क्षेत्र झपाट्याने वाढले, तसे मळणी यंत्रांचे कामही वाढले. पुढे पंजाब-हरियाणातून कंबाइन हार्वेस्टर येऊ लागले आणि मळणी यंत्रांना स्पर्धक निर्माण झाला.

कौशल्याची मागणी

या कारखान्यांत टर्नर, फिटर आणि वेल्डर हे कामगार कणा मानले जातात. संगणकनियंत्रित लेथ, विद्युत नियंत्रण पॅनेल आणि सेन्सर यांचा वापर वाढल्याने आता केवळ हाताचे कसब पुरेसे ठरत नाही. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या तरुणांना मात्र पुणे-चाकण पट्ट्यातील मोठे कारखाने अधिक आकर्षित करतात. त्यामागे कारणही आहे. वऱ्हाडातील काम हंगामापूर्वी दाटते आणि नंतर ओसरते. भविष्य निर्वाह निधीची सक्ती साधारणतः २० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. त्यामुळे अनेक लहान वर्कशॉपमधील कामगार या संरक्षणाबाहेर राहतात.

अमरावतीतील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झाले. मोठे वस्त्रोद्योग आपली मुख्य यंत्रे बाहेरूनच आणतात. स्थानिक कारखान्यांच्या वाट्याला येऊ शकतात ती सुटे भाग, लोखंडी बांधणी आणि देखभालीची कामे. ही कामे हंगामावर अवलंबून नसतात. ती मिळवण्याइतके कौशल्य आणि अचूकता येथील वर्कशॉपनी कमावली, तर वर्षभराची मजुरी वऱ्हाडातच मिळणे शक्य होईल. जिन आणि डाळ मिलमधून बाहेर पडलेल्या स्त्रियांना मात्र हे कौशल्य शिकण्याची संधी वेगळी निर्माण करावी लागेल. लेथ आणि वेल्डिंगचे काम आजवर बहुतांशी पुरुषांचेच राहिले आहे.